निर्भीक की प्रबल : लहान हाताला कोणते रिव्हॉल्व्हर बसेल?

सिंधकाठ
नमस्कार. आमचे घर ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात आहे आणि शेती डबरा गावाच्या बाजूला. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर, आयुध नियम २०१६ मध्ये हयातीतच वारसाच्या नावे परवाना देण्याची जी तरतूद आहे तिच्या आधारे मी अर्ज केला होता. तो मंजूर झाला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही मिळाले, आणि वडिलांचे जुने .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) रिव्हॉल्व्हर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून त्याऐवजी नवे घेण्याची परवानगीही हातात आली आहे. तेव्हा परवाना कसा काढावा, घ्यावा की घेऊ नये, ही चर्चा कृपया या धाग्यावर करू नये. तो निर्णय घरात झालेला आहे.

माझा प्रश्न फक्त हाताला काय बसेल एवढाच आहे. कानपूरची दोन रिव्हॉल्व्हरे मी विक्रेत्याकडे रिकामी हातात घेऊन पाहिली. पहिले निर्भीक, जे २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने आणले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, ५२५ ग्रॅम वजनाचे, आणि वरून मोडून उघडणारे. दुसरे प्रबल, जे ऑगस्ट २०२३ मध्ये बाजारात आले. वजन काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसे बसतात तो फिरता गोल भाग, बाजूला बाहेर येणारे. दोन्ही .३२ बोअरची आणि सहा गोळ्यांची.

माझा हात लहान आहे. बांगड्या सर्वांत लहान मापाच्या लागतात आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी गेली काही वर्षे दुखते. विक्रेत्याने एका वाक्यात निकाल दिला, की बायकांसाठी निर्भीकच. ते हातात हलके वाटले हे खरेच. परंतु हलके वाटणे आणि हाताला बसणे या दोन गोष्टी एकच आहेत का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त सुभेदार
ताई, आपली शंका अगदी योग्य ठिकाणी आहे. शस्त्राचा आराम दोन प्रकारचा असतो, एक बाळगण्याचा आणि दुसरा चालवण्याचा, आणि दुर्दैवाने हे दोन्ही बहुतेक वेळा एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात. दुकानात आपण जो अनुभवतो तो फक्त पहिला असतो, कारण तिथे गोळी सुटत नाही.

वजनाचा हिशेब सोपा आहे. दोन्ही रिव्हॉल्व्हरांत काडतूस एकच आहे, त्यामुळे गोळी पुढे जाताना शस्त्राला मागे जो संवेग देते तो जवळपास सारखाच. मात्र मागे येणारी ऊर्जा शस्त्राच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. ७०० ला ५२५ ने भागले की १.३३ येतात, म्हणजे हलक्या रिव्हॉल्व्हरचा धक्का ऊर्जेच्या हिशेबाने सुमारे एक तृतीयांशाने जास्त. भरलेल्या काडतुसांचे वजन दोन्हीकडे मिळवले तर हा फरक किंचित कमी होतो, पण नाहीसा होत नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, की .३२ हे काडतूस मुळातच सौम्य आहे, त्यामुळे निर्भीकचा धक्काही कोणाला लोळवणारा नाही. प्रश्न एका गोळीचा नसून सरावाचा आहे. ज्या शस्त्राने तळवा चुरचुरतो त्याचा सराव माणूस आपोआप टाळू लागतो.

तरीही माझ्या मते वजन हा दुसऱ्या क्रमांकाचा मुद्दा आहे. पहिला मुद्दा म्हणजे शस्त्राच्या मुठीच्या मागच्या बाजूपासून चापापर्यंतचे (बोटाने ओढतो त्या ट्रिगरपर्यंतचे) अंतर आणि त्यापुढे आपल्या तर्जनीची लांबी. रिव्हॉल्व्हर घोडा (काडतुसावर ठोका देणारा मागचा भाग) न चढवता चालवायचे तर चाप लांबवर आणि जोराने ओढावा लागतो, आणि सगळ्या मोठ्या चुका त्या ओढीतच होतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागे जितकी उंच बसेल तितकी बसवा, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात नळीच्या सरळ रेषेत ठेवा, आणि त्या स्थितीत तर्जनी चापावर कुठे पोहोचते ते पाहा. घोडा न चढवता ओढताना बोटाच्या टोकाकडचे पहिले पेर, शक्यतो त्याचा सांधा, चापावर टेकला पाहिजे. नुसते टोकच पोहोचत असेल तर बोटाला ताकद मिळत नाही, आणि ती मिळवण्यासाठी लहान हाताची व्यक्ती नकळत मूठ हातात फिरवून घेते. मग धक्का तळव्याच्या मांसल भागाऐवजी थेट अंगठ्याच्या मुळावर येतो. आपल्या दुखण्याची जागा नेमकी तीच आहे.

उलट प्रकारही होतो, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. मूठ हाताच्या मानाने फारच लहान असली तर करंगळीला धरायला जागा उरत नाही, ती खाली लोंबकळते, आणि बोट चापात गरजेपेक्षा आत जाऊन ओढताना नळी बाजूला ढकलते. म्हणून लहान हाताला लहान मूठ, हे समीकरण सरसकट खरे नाही.

मुरारकर
एवढी वजाबाकी कशाला? .३२ चे पिस्तूल घ्यावे. चपटे असते, कपड्यांखाली दिसत नाही, हातात सपाट बसते. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरचा फुगवटा कमरेला टोचतो तो टोचतोच. सैन्यसुद्धा पिस्तूलच वापरते.

निवृत्त सुभेदार
मुरारकर, सैन्याचे पिस्तूल ९ मिलिमीटरचे असते आणि ते आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या मापात, मोडते, त्यामुळे ती तुलना इथे लागू होत नाही. .३२ च्या पिस्तुलाबद्दल बोलायचे तर चपटेपणा मान्य आहे. परंतु त्या बोअरच्या बहुतेक पिस्तुलांत नळीला कुलूपबंद यंत्रणा नसते. स्लाइडचे, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाचे, वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच सगळा भार असतो, आणि त्यामुळे ती स्प्रिंग कडक ठेवावी लागते. स्लाइड मागे खेचताना अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट लागते. ज्यांचा अंगठा दुखतो त्यांना पहिली गोळी भरतानाच त्रास होईल. शिवाय एखादे काडतूस फुटले नाही, तर रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की पुढचे समोर येते. पिस्तुलात तीच स्लाइड पुन्हा खेचावी लागते.

मुरारकर
स्प्रिंगचा मुद्दा पटला. टोचण्याचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.

हातवैद्य
मी शस्त्रांची जाणकार नाही. हातांच्या दुखण्यांवर व्यायामोपचार करते, म्हणून केवळ अंगठ्यापुरते लिहिते.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या अगदी जवळ, खोगिराच्या आकाराचा एक सांधा असतो. चाळिशीनंतर स्त्रियांमध्ये त्याची झीज पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात आढळते. आपण चिमटीत जेवढा जोर लावतो त्याच्या कितीतरी पट भार या सांध्यावर पडतो, आणि म्हणूनच बरणीचे झाकण फिरवताना किंवा किल्ली वळवताना कळ येते. संपूर्ण मुठीने घट्ट धरणे त्या मानाने सोसते, कारण भार बाकीच्या बोटांत आणि तळव्यात वाटला जातो. हे लक्षात घेऊन ताईंनी दोन गोष्टी तपासाव्यात असे मला वाटते. एक म्हणजे शस्त्र उघडताना आणि भरताना अंगठ्याला एकट्याने किती काम करावे लागते, आणि दुसरी म्हणजे घोडा चढवावा लागतो का. अंगठ्याच्या टोकाने घोडा मागे ओढणे ही या सांध्यासाठी सर्वांत वाईट हालचाल ठरेल.

एक सूचना. दुकानात दोन मिनिटे धरून निर्णय घेऊ नका. दुखरा सांधा लगेच बोलत नाही. त्याची तक्रार संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी येते. विक्रेत्याची हरकत नसेल तर एका दिवशी एकच रिव्हॉल्व्हर हाताळा आणि दुसरे काही दिवसांनी, म्हणजे कशाने दुखले हे कळेल.

निवृत्त सुभेदार
हातवैद्यताईंनी फार मोलाचे सांगितले. घोड्याबद्दल एवढे जोडतो, की उजव्या हाताच्या व्यक्तीने दोन्ही हातांनी पकड घेतली असेल तर घोडा डाव्या अंगठ्याने चढवता येतो. उजवा हात मुळीच हलवावा लागत नाही. त्याचा फायदा असा, की चढवलेल्या घोड्यावर चाप कमी जोराने आणि थोड्याच अंतरात सुटतो, त्यामुळे नेमबाजीच्या सरावात लहान बोटालाही ते झेपते. मात्र घोडा चढवल्यावर विचार बदलला तर तो अलगद उतरवणे हे काम धोक्याचे आहे, आणि घामेजलेल्या, दुखऱ्या हाताने तर ते करूच नये. म्हणून घराच्या रक्षणासाठी शस्त्र घेणाऱ्याला मी घोडा न चढवता ओढण्याचीच सवय लावायला सांगतो, आणि म्हणूनच चापाचे अंतर व त्याचा जडपणा हे मुद्दे वजनाच्या वर ठेवतो.

उघडण्याच्या पद्धतीतही फरक आहे. निर्भीकची बैठक वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरांच्या घराण्याची आहे. वरची खिट्टी सोडली की नळी खाली झुकते आणि सगळ्या पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचे, एकदम वर उचलल्या जातात. पद्धत जुनी असली तरी सुंदर आहे, आणि वडिलांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरचीही तीच असणार. मात्र त्यात खिट्टी दाबणारा अंगठा आणि बिजागरी मोडणारे मनगट दोन्ही लागतात. प्रबलमध्ये खटका सोडून सिलिंडर डावीकडे बाहेर ढकलायचे आणि पुढची दांडी तळव्याने दाबून पुंगळ्या काढायच्या. इथे मोडण्याचा जोर लागत नाही, पण हालचाली जास्त आहेत आणि डाव्या हाताला काम जास्त आहे.

डावखुरा
शेवटच्या वाक्यावरून लिहितो. बाजूला सिलिंडर निघणारी रिव्हॉल्व्हरे उजव्या हाताच्या लोकांसाठीच घडवलेली असतात. आमच्यासारख्यांना शस्त्र एका हातातून दुसऱ्या हातात घ्यावे लागते, नाहीतर बोटे वेडीवाकडी करावी लागतात. मधून मोडणारे रिव्हॉल्व्हर मला त्या मानाने सरळ वाटते. ताई उजव्या हाताच्या आहेत असे दिसते. तसे असेल तर हा प्रतिसाद वगळावा. पण वाचणाऱ्यांत कोणी माझ्यासारखे असतील म्हणून लिहून ठेवले.

आणखी एक. हात उजवा आणि प्रबळ डोळा डावा असाही प्रकार पुष्कळांत असतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबाकडे बोट करा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने पाहताना बोट खांबावरच राहते तो प्रबळ. तो विरुद्ध बाजूचा निघाला तर नेम धरताना मान वाकडी होते आणि माणूस दोष मुठीला देत बसतो.

सिंधकाठ
सर्वांचे मनापासून आभार. हातवैद्यताईंच्या सूचनेप्रमाणे दोन वेगवेगळ्या दिवशी जाऊन आले आणि सुभेदारसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे बेचकी, कोपर आणि बोट पाहिले. दरवेळी शस्त्र रिकामे असल्याची खात्री विक्रेत्याने केली आणि त्यानंतर मी स्वतः केली. त्यांच्याकडे सरावाची नकली काडतुसे होती, त्यामुळे चाप ओढून पाहण्यासही त्यांनी हरकत घेतली नाही.

बोट दोन्हींवर पोहोचते. माझी मूळ भीती बोटाचीच होती, आणि फरक मला वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. दोन्हींवर पहिल्या पेराचा मधला भाग टेकतो, सांधा टेकत नाही. म्हणजे पोहोच कामचलाऊ आहे, उत्तम नाही. खरा फरक मला चाप ओढताना जाणवला, आणि तो चापाचा नव्हता, शस्त्राच्या स्थिरतेचा होता. हलके रिव्हॉल्व्हर ओढीबरोबर हातात थरथरते आणि समोरची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरण्याचा उंचवटा) मागच्या खाचेत हलत राहते. जड रिव्हॉल्व्हर तेवढ्याच ओढीला कमी हलते. मात्र हात लांब करून काही वेळ धरले की जडपणा खांद्याला कळतो, अंगठ्याला नाही.

अंगठ्याबद्दल सांगायचे तर मोडून उघडण्याची सवय मला वडिलांच्या रिव्हॉल्व्हरमुळे होती आणि ती हालचाल ओळखीची वाटली. तरी त्या संध्याकाळी कळ आली. बाजूला उघडण्याच्या पद्धतीने आली नाही. ही एका हाताची गोष्ट आहे, सर्वांना लागू पडेल असे मी म्हणत नाही.

आता माझे दोन उपप्रश्न. मुठीच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या फळ्या बदलून पोहोच वाढवता येते का? आणि आमच्या ग्वाल्हेरच्या मे-जूनमध्ये घामाने ओल्या झालेल्या तळव्यात कोणत्या प्रकारची मूठ टिकते?

निवृत्त सुभेदार
फळ्या बदलण्याने मुठीची रुंदी आणि तिचा भराव बदलतो. फळ्या पातळ असल्या तर बोटे जास्त वळतात आणि त्यामुळे तर्जनीला थोडीशी लांबी मिळते. परंतु मुठीची मागची पोलादी कड उघडी असेल तर तिच्यापासून चापापर्यंतचे अंतर फळ्यांनी कमी होत नाही. फार आशा ठेवू नये. आणि हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. चापाची स्प्रिंग सैल करून देतो म्हणणाऱ्या माणसाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, कारण स्प्रिंग सैल झाली की घोड्याचा ठोका हलका पडतो आणि काडतूस ऐनवेळी फुटत नाही.

जनकगंज
घामाचा प्रश्न मला विचारा. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो आणि त्यानंतर लगेच पावसाळ्याची दमट हवा येते. गुळगुळीत, पॉलिश केलेली लाकडी मूठ ओल्या हातात साबणाच्या वडीसारखी सरकते. खरखरीत जाळी कोरलेली मूठ किंवा रबरी आवरण धरायला चांगले. मात्र रबर कपड्याला चिकटते आणि कुर्ता वर ओढून धरते, त्यामुळे बाळगताना शस्त्र उठून दिसते. ज्यांना नुसते घरात ठेवायचे आहे त्यांना ही अडचण नाही.

टायटॅनियमला घामाचा त्रास होत नाही हे खरे असले, तरी संपूर्ण रिव्हॉल्व्हर त्याचेच असते असे नाही. आतल्या स्प्रिंगा आणि खिळे पोलादाचेच असतात. तेलाचे बोट फिरवणे कोणालाच चुकत नाही. चामड्याच्या म्यानात शस्त्र महिनोन्महिने ठेवू नये, चामडे ओल धरते. शिवाय निवडणुकीच्या आचारसंहितेत बहुतेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि ते तिथे किती दिवस पडून राहील हे आपल्या हातात नसते. जमा करण्यापूर्वी नळीत आणि सिलिंडरच्या भोकांत तेलाचा हात द्या, आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक स्वतः वाचून घ्या.

मुरारकर
शेवटी बाळगण्याचा प्रश्न राहिलाच. कपाटात पडलेले प्रबल काय कामाचे? हलके असले तर जवळ राहील, जवळ राहिले तरच उपयोग. ५२५ ग्रॅम पर्समध्ये मावतात, ७०० चे ओझे होते.

हातवैद्य
पर्समध्ये शस्त्र ठेवण्याला माझा विरोध आहे, आणि तो हाताच्या कारणाने नव्हे. पर्स खुर्चीला अडकवली जाते, लग्नाच्या हॉलमध्ये नणंदेकडे दिली जाते, मुले त्यात चॉकलेट शोधतात.

निवृत्त सुभेदार
पूर्ण सहमत. आणि लग्नाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, की आपल्या चंबळच्या पट्ट्यात वरातीत गोळी झाडण्याची जी हौस आहे, तिला आयुध कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्यामुळे शस्त्र लग्नघरात नेण्याचे कारणच उरत नाही.

मुरारकरांचा मुद्दा तत्त्वतः बरोबर आहे, पण तो ज्याला रोज अंगावर शस्त्र बाळगायचे आहे त्याच्यासाठी. ताई, आपण ते कुठे आणि कसे ठेवणार आहात हे आपण अजून सांगितलेले नाही, आणि त्यावाचून हा वाद मिटणार नाही.

सिंधकाठ
शेतावर मुक्काम असेल तेव्हा खोलीतल्या कुलूपबंद पेटीत, आणि जाता-येता जीपमध्ये माझ्या ताब्यात. शहरात फिरताना अंगावर बाळगण्याचा माझा विचार नाही. गव्हाच्या कापणीच्या आणि धान झोडण्याच्या दिवसांत रात्री खळ्यावर थांबावे लागते, तेव्हा कमरेच्या पट्ट्याला.

हे लिहिताना माझ्याच लक्षात आले, की माझ्या बाबतीत बाळगण्याचा काळ फार थोडा आहे, आणि मुरारकरांचा मुद्दा मला तेवढ्याच प्रमाणात लागू पडतो. म्हणून प्रबलकडे कल झाला आहे. निर्भीक बायकांसाठी असल्याची जी प्रसिद्धी झाली, ती वजन आणि नाव यांच्यावर उभी होती. बायकांचे हात काही एकाच मापाचे नसतात. माझ्या जागी रोज शाळेत किंवा बँकेत जाणारी, अंगठा धड असलेली स्त्री असती, तर तिने निर्भीक निवडले तरी मी तिला चूक म्हटले नसते.

फळ्या आहेत तशाच ठेवणार. आधी सराव, मग पाहू.

निवृत्त सुभेदार
निवड योग्य आहे. सुरुवातीला रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर नकली काडतुसे घालून, भिंतीकडे तोंड करून, माशी न हलवता चाप ओढण्याचा सराव करा. त्या वेळी खरी काडतुसे त्या खोलीतही नकोत. हात दुखू लागण्यापूर्वी थांबा. खऱ्या गोळ्यांचा सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करा; वर्षाला किती काडतुसे घेता येतील याची मर्यादा परवान्यावर नोंदलेली असते, तेव्हा ती जपून वापरा आणि रिकाम्या पुंगळ्या फेकू नका, हिशेब मागितला जातो.

आणि शस्त्र आणायला कानपूरला स्वतः जाणार असाल, तर भिंड-इटावा मार्गे जा किंवा झाशीमार्गे, दोन्हीकडे उत्तर प्रदेशची हद्द लागते. आपल्या परवान्याची वैधता मध्य प्रदेशापुरती आहे की देशभराची, हे निघण्यापूर्वी जिल्हा कार्यालयातून लेखी विचारून घ्या.

सिंधकाठ
परवाना राज्यापुरताच आहे. म्हणजे येथील विक्रेत्यामार्फत मागवणेच सोयीचे दिसते.